मंदीत कच्चा माल किती घ्यायचा, कधी घ्यायचा: परचेस बघणाऱ्यांसाठी

मंदी लागली की परचेसवाल्याला पहिला फोन येतो तो सप्लायरचा. भाव खूप खाली आलाय, उचलून ठेवा, हा भाव परत मिळणार नाही. यातलं पहिलं वाक्य खरं असतं, मधलं त्याच्या गरजेचं असतं आणि शेवटचं साफ खोटं, कारण मंदीत तोच भाव परत मिळतो आणि बऱ्याचदा त्याच्याही खाली मिळतो. हे लिहितोय ते छोट्या-मध्यम कारखान्यांसाठी, जे धातू, प्लास्टिक दाणा, सूत, रबर, केमिकल असलं काहीतरी घेऊन त्यावर प्रोसेस करून पुढे विकतात. निव्वळ ट्रेडिंग करणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं असतं पण उधारीचा भाग त्यांनाही लागू आहे.

माझं म्हणणं एवढंच की मंदीत भाव बघून खरेदी करू नका, माल किती दिवस पुरणार ते बघून करा. भाव आपल्या हातात नसतोच, गोदामात किती दिवसांचा माल पडू द्यायचा हे मात्र असतं.

आधी दिवस काढा

एक्सेल उघडा आणि जे पाच-सहा आयटम तुमच्या खरेदीचे बहुतेक पैसे खातात तेवढेच घ्या, नट-बोल्ट, पॅकिंग वगैरे नंतर बघू. प्रत्येकाचा आजचा स्टॉक भागिले रोजचा वापर. इथेच बहुतेक जण गंडतात, कारण सॉफ्टवेअर रोजचा वापर मागच्या वर्षभराच्या सरासरीने काढतं आणि त्या वर्षात तेजीचे महिनेही असतात. समजा 6,000 किलो माल पडलाय. वर्षाची सरासरी रोज 100 किलो, म्हणजे 60 दिवसांचा माल, सगळं ठीक दिसतं. पण मागचे चार आठवडे बघितले तर वापर 40 किलोवर आलाय, म्हणजे तोच ढीग आता 150 दिवसांचा झाला, एक किलोही नवीन न घेता. म्हणून सरासरी चार आठवड्यांचीच धरा. आणि रस्त्यात असलेला माल, बंदरात अडकलेला माल, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) काढलाय पण अजून निघाला नाही तो माल, हे सगळं त्यात मिळवा, पैसे त्याचेही द्यायचेच आहेत.

मग पूर्ण साखळी मांडा. कच्चा माल 60 दिवस, शॉप फ्लोअरवर 15, तयार माल 20, गिऱ्हाईकाचे पैसे यायला 60, त्यातून सप्लायर देतो ती 45 दिवसांची उधारी वजा, म्हणजे 110 दिवस तुमचा पैसा अडकलेला. मंदीत हेच होतं कच्चा माल 150, फ्लोअर 15, तयार माल 45, गिऱ्हाईक 90, आणि सप्लायर घाबरून 30 दिवसांवर आलेला. झाले 270. मशीन चालू आहे, कागदावर नफाही दिसतोय आणि पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नाहीत, हे असं होतं.

आता यात पडता भाव टाका. महिन्याला 3 टक्के उतरतोय असं धरलं तर पाच महिन्यांत तो साधारण 14 टक्के खाली जातो. तुम्ही त्या 150 दिवसांच्या ढिगातला शेवटचा किलो वापराल तेव्हा तुमचा स्पर्धक तोच किलो 14 टक्के स्वस्तात आणून माल विकत असेल. वस्तूच्या खर्चात मटेरियल 60 टक्के असेल तर फरक 8 टक्क्यांच्या वर जातो, आणि कित्येक धंद्यांत पूर्ण मार्जिनच तेवढं असतं.

3 टक्के जास्त धरले असं वाटत असेल तर, तीन वर्षं दर महिन्याला 3 टक्के उतरलं की भाव एक तृतीयांशावर येतो, आणि 1929 ते 1932 मध्ये तांबं याहून जास्त पडलं, एक पौंड वजनाला 18 सेंट होतं ते 6 सेंटच्याही खाली गेलं. कापूस 17 सेंटच्या आसपासचा 6 सेंटच्या आसपास आला. 2008 मध्ये तर हे सगळं पाच महिन्यांत उरकलं, जुलैत टनाला साडेआठ हजार डॉलरच्या वर असलेलं तांबं डिसेंबरात तीन हजारांच्या आत होतं. ज्यांनी ऑगस्टमध्ये थोडा खाली आलाय म्हणून गोदाम भरलं त्यांचं काय झालं असेल ते बघा.

त्या 18 सेंटची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1929 च्या एप्रिलपासून साधारण वर्षभर तांब्याचा भाव जवळजवळ हलला नाही, शेअर बाजार कोसळला तरी 18 ला 18. कारण मोठ्या उत्पादकांनी एकी करून तो धरून ठेवला होता. मागणी केव्हाच गेली होती, माल खाणींकडे साठत होता, आणि 1930 च्या एप्रिलमध्ये हात सुटला तेव्हा भाव एका झटक्यात 14 वर आला आणि मग उतरतच गेला. कथिलाचंही 1985 मध्ये असंच झालं, आंतरराष्ट्रीय टिन कौन्सिल भाव टिकवायला बाजारातला माल विकत घेत राहिली, ऑक्टोबरात तिचे पैसे संपले आणि लंडन मेटल एक्सचेंजला कथिलाचे सौदेच बंद करावे लागले. तेव्हा तुमच्या ऑर्डरी पडतायत, सगळ्यांच्याच पडतायत, आणि एखाद्या मालाचा भाव मात्र ढिम्म आहे असं दिसलं तर त्यातच जास्त धोका समजा आणि तो आयटम कमीत कमी दिवसांचा ठेवा.

बँकेचं पण बघून ठेवा. कॅश क्रेडिट, म्हणजे धंदा चालवायला बँक देते ते कर्ज, स्टॉकच्या किमतीवर मिळत असेल तर भाव पडला की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे बँक जेवढं उचलू देते तो आकडा, पण पडते, माल तेवढाच असला तरी. म्हणजे पैशाची गरज सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हाच लिमिट आकसते, दुष्काळात तेरावा महिना. हा आकडा आधीच काढून ठेवा, भाव 20 टक्के पडला तर लिमिट किती राहील आणि 40 टक्के पडला तर किती.

गोदामात स्वतः जा

एक्सेलमधला स्टॉक आणि रॅकवरचा स्टॉक एक नसतो. एक अख्खा दिवस काढा, स्टोअरकीपरला बरोबर घ्या आणि प्रत्येक लॉटवर शेवटचा इश्यू कधी झाला, म्हणजे त्यातून माल वापरायला शेवटचा कधी दिला, त्याची तारीख खडूने लिहीत चला. संध्याकाळी तीन ढीग डोळ्यांसमोर येतात, चालणारा माल, रखडलेला माल आणि मेलेला माल. मेलेला म्हणजे ज्या गिऱ्हाईकासाठी आणला तो डिझाइन बदलून गेला किंवा धंदाच बंद करून गेला.

पडून राहिलेला माल नुसता पैसा अडकवतो असं नाही, तो खराबही होतो. गॅल्वनाइज्ड पत्रे एकमेकांना चिकटून ठेवलेले असतील आणि मध्ये ओल गेली तर पांढरा गंज धरतो, वरचा पत्रा चकचकीत दिसतो आणि खालचे दहा रिजेक्ट निघतात. सल्फर-अ‍ॅक्सिलरेटर घालून मिक्स केलेलं रबर कंपाउंड तर ठेवल्या ठेवल्या हळूहळू पिकत असतं, उकाड्यात अजून लवकर, मग ते मोल्डमध्ये नीट वाहत नाही. नायलॉनचा दाणा हवेतली ओल ओढतो, हार्डनर आणि अ‍ॅडेसिव्हला डब्यावर तारीखच असते. अशा मालाचे दिवस वेगळे मोजा, इथे भाव कितीही पडला तरी साठा करायचाच नाही.

मेलेला माल लगेच काढा. लगेच म्हणजे या महिन्यात. मालक लोकांचं इथे अडतं, 100 ने घेतलाय तो 70 ला कसा विकू, थांबू, बाजार सुधारेल. पण तो माल आज 70 चाच आहे, वहीत 100 लिहिलंय म्हणून तो 100 चा होत नाही, आणि पुढच्या महिन्यात 65 ला मागतील. विकत कोणी घेत नसेल तर अदलाबदल करा, तुमच्याकडे पडलेला माल दुसऱ्या कारखान्याला चालतो आणि त्याच्याकडचा तुम्हाला. यात कमीपणा काही नाही, 1931 मध्ये अमेरिकेने ब्राझीलला अडीच कोटी बुशेल गहू दिला आणि बदल्यात दहा लाखांवर गोणी कॉफी घेतली, कारण एकाकडे गहू सडत होता आणि दुसरा कॉफी जाळत होता. फक्त दोन्ही बाजूंची बिलं त्या दिवशीच्या भावाने फाडा, नाहीतर टॅक्सचा घोळ होतो.

कोटेशन देतानाही हाच नियम, कॉस्टिंग आज माल घ्यायला जो भाव पडेल त्यावर करा, घेतलेल्या भावावर नाही. गिऱ्हाईकाला तुमच्या जुन्या खरेदीशी काही देणंघेणं नसतं. घेतलेल्या भावावर कोट कराल तर ऑर्डर जाईल आणि माल तसाच राहील, म्हणजे तेलही गेलं तूपही गेलं.

ऑर्डर पडली म्हणजे खप तेवढाच पडला असं नाही

हा भाग नीट वाचा, कारण मंदीत घाबरून कारखाने बंद होतात त्यातले बरेच इथे चुकलेले असतात. शेवटच्या गिऱ्हाईकाचा खप महिन्याला 100 नग होता, तो 90 झाला. दुकानदार दोन महिन्यांचा माल ठेवतो, म्हणजे आधी 200 ठेवायचा, आता त्याला 180 पुरे. तर या महिन्यात तो विकले गेलेले 90 मागवणार पण त्यातून जास्तीचे 20 वजा करून, म्हणजे ऑर्डर आली 70 ची. खप 10 टक्के घसरला, तुमच्याकडे ऑर्डर 30 टक्के घसरली. आता तुम्ही पण दोन महिन्यांचा कच्चा माल ठेवता, 200 नगांचा होता, 70 च्या हिशोबाने 140 पुरे, म्हणजे 60 जास्त. तुम्ही सप्लायरला ऑर्डर देणार 70 वजा 60, म्हणजे 10. तिकडे सप्लायरच्या डोक्यावर आभाळ कोसळलं, त्याची ऑर्डर 90 टक्के गेली, आणि शेवटच्या माणसाने फक्त दहातला एक नग कमी घेतला होता.

याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लोकांना हे डायपरच्या धंद्यात दिसलं होतं, बाळं रोज सारखीच वापरतात पण कंपनीकडच्या ऑर्डरी वरखाली उड्या मारतात. 2009 मध्ये जगाचा व्यापार 12 टक्क्यांच्या आसपास घटला आणि जगाचं उत्पन्न त्यामानाने फारच थोडं, त्यामागे बाकी कारणांबरोबर हे साठा उतरवणं पण होतं.

मग करायचं काय, तर गिऱ्हाईकाला पुढची ऑर्डर कधी एवढंच विचारू नका, मागच्या महिन्यात पुढे किती विकला आणि तुमच्याकडे आता किती पडलाय हे दोन आकडे विचारा. तो देईल, मंदीत लोक बोलायला तयार असतात. खप 90 असेल तर साठा उतरला की ऑर्डर परत 90 च्या आसपास येणार हे तुम्हाला कळतं आणि चांगले कामगार काढून टाकायची घाई होत नाही. आणि हेच दोन आकडे तुम्ही तुमच्या सप्लायरला द्या, कारण तो बंद पडला तर 90 च्या ऑर्डरला माल कुठून आणणार.

अ‍ॅग्रीमेंट, सप्लायर आणि अचानक गायब होणारा माल

तेजीत केलेली वर्षभराची फिक्स रेटची अ‍ॅग्रीमेंटं असतील तर ती आजच काढून वाचा. माल उचला नाहीतर पैसे भरा असं कलम आहे का, क्वांटिटी मागेपुढे करायला किती टक्के सूट आहे, नोटीस किती दिवसांची. सप्लायरचा फोन न उचलणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे आणि तोच सगळ्यात जास्त वापरला जातो. त्याच्याकडे जा आणि सांगा की पूर्ण माल उचलतो पण 6 महिन्यांऐवजी 14 महिन्यांत, आणि भाव महिन्याच्या सरासरीला बांधू. बहुतेक जण मानतात, कारण कोर्टात जाण्यापेक्षा हळूहळू जाणारा माल बरा. लोहखनिजात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं, वर्षातून एकदा ठरणारा भाव ही कित्येक दशकांची पद्धत होती, 2008 च्या शेवटी रोजच्या बाजारातला भाव त्याच्या खाली गेला, खरेदीदार तिकडे पळायला लागले आणि 2010 पर्यंत ती पद्धतच मोडून तिमाही भाव आले.

नवीन सौदा करताना फिक्स रेट नको, फॉर्म्युला रेट घ्या, म्हणजे बाजारभावाच्या महिन्याच्या सरासरीला बांधलेला, आणि त्याच महिन्याचा फॉर्म्युला तुमच्या गिऱ्हाईकाच्या पीओत पण टाका. खरेदी एका महिन्याच्या सरासरीने आणि विक्री दुसऱ्या महिन्याच्या, असं असलं की मधल्या फरकात तुम्ही भरडले जाता.

लॉट छोटे करा, पण किती छोटे ते वाहतुकीचा खर्च धरून ठरवा. अर्धी गाडी मागवून किलोमागे भाडं दुप्पट देत असाल तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दोघा-तिघांनी मिळून गाडी भरली तर जमतं.

सप्लायरची तब्येत बघायची ती अशी की तो अचानक अ‍ॅडव्हान्स मागायला लागला का, मालाबरोबरचं टेस्ट सर्टिफिकेट उशिरा यायला लागलं का, लॉट-लॉटमध्ये रंग किंवा ग्रेड बदलतोय का, त्याच्याकडचा जुना माणूस सोडून गेला का. यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर दुसरा सप्लायर मंजूर करून ठेवा, पहिला सोडू नका. अ‍ॅडव्हान्स तर देऊच नका, तो बुडाला की तुमचा अ‍ॅडव्हान्स रांगेत शेवटी.

सगळं स्वस्त होत असताना काही माल उलटा महाग होतो किंवा मिळतच नाही, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. जो माल दुसऱ्या कशाचा तरी बायप्रॉडक्ट आहे त्याची ही गोष्ट. अ‍ॅसिटोनायट्राइल नावाचं सॉल्व्हंट लॅबमध्ये आणि औषधांच्या कारखान्यात लागतं, ते निघतं अ‍ॅक्रिलोनायट्राइल बनवताना, आणि अ‍ॅक्रिलोनायट्राइलचा मोठा वापर अ‍ॅक्रिलिक धागा आणि गाड्यांत लागणारं एबीएस प्लास्टिक यांच्यात. 2008 च्या शेवटी गाड्यांचा धंदा बसला, अ‍ॅक्रिलोनायट्राइलचे प्लांट मंदावले, आणि लॅबवाल्यांची मागणी काडीने कमी झाली नव्हती तरी त्यांना सॉल्व्हंट मिळेना. 2020 मध्ये अमेरिकेत पेट्रोलचा खप पडला, म्हणून त्यात मिसळायच्या इथेनॉलचे प्लांट बंद झाले, आणि तिथून येणारा कार्बन डायऑक्साइड थंड पेयवाल्यांना कमी पडला. तांबं-जस्त गाळताना निघणारं सल्फ्युरिक अ‍ॅसिड, भट्टीची स्लॅग, कोक ओव्हनचं डांबर, सगळे याच जातीचे. तेव्हा तुमच्या यादीतल्या प्रत्येक मालापुढे लिहा की हा मुद्दाम बनवतात का दुसऱ्याच्या मागून येतो. मागून येणारा असेल तर तो मूळ धंदा बसायला लागताच याचा साठा वाढवा. अख्ख्या लेखात साठा वाढवा म्हणतोय ती जवळजवळ ही एकच जागा.

भंगारही यातच धरा. मंदीत भंगार धातूपेक्षा जोरात पडतं, म्हणून स्क्रॅप विकणारे असाल तर दर महिन्याला काढा, साठवू नका, आणि पितळेच्या बुऱ्यात लोखंडाचा बुरा मिसळू देऊ नका, मिक्स बुऱ्याला तेजीत कसातरी भाव मिळतो पण मंदीत व्यापारी हात लावत नाही. विकत घेणारे असाल तर हेही धरा की कारखाने बंद म्हणजे बुरा कमी, पाडकाम बंद म्हणजे जुनं लोखंड कमी, त्यामुळे भाव पडूनही काही महिन्यांनी भंगार मिळायचंच बंद होतं.

उधारी

मंदीत विक्री वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे उधारी वाढवणं, आणि त्यातच लोक बुडतात. प्रत्येक गिऱ्हाईकाची लिमिट रुपयात नाही तर त्याने मागचे सहा महिने खरंच किती दिवसांत पैसे दिले त्यावर ठेवा. 45 चा 60 वर गेला तर बोला, 75 वर गेला तर जुने पैसे आल्याशिवाय नवीन गाडी सोडू नका. जो माणूस कधी भावावर घासाघीस न करता एकदम मोठी ऑर्डर देतो, तो पण उधारीवर, त्याच्यापासून लांब राहा, पैसे द्यायचा विचार नसणारा माणूस भाव कशाला करेल.

निर्यात असेल तर एलसी, म्हणजे गिऱ्हाईकाच्या बँकेने दिलेली पैशाची हमी, उघडणारी बँक कोण आहे ते बघा, नुसता एलसी आहे म्हणून निवांत बसू नका. 2008 च्या शेवटी बँकांचा एकमेकांवरचा विश्वास उडाला होता, एलसी उघडून मिळेनात, आणि जहाजं रिकामी उभी होती, सुट्या मालाच्या जहाजभाड्याचा बाल्टिक ड्राय इंडेक्स मे महिन्यात 11,793 होता तो डिसेंबरात 663 वर आला. आणि ड्युटीवर लक्ष ठेवा, मंदीत प्रत्येक देशाला आपला धंदा वाचवायचा असतो. जून 1930 मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायद्याने बऱ्याच वस्तूंवरची ड्युटी वाढवली, मग बाकीच्यांनी पण भिंती घातल्या. 1929 ते 1933 मध्ये जगाचा व्यापार सोन्याच्या डॉलरमध्ये मोजला तर साधारण एक तृतीयांशावर आला, पण प्रत्यक्ष मालात मोजला तर साधारण पाव भागानेच कमी झाला होता, बाकी सगळी घसरण भावाची. तुमच्या स्वतःच्या विक्रीचा तक्ता पण असाच दोन रकान्यांत ठेवा, किलोत वेगळा आणि पैशात वेगळा, नाहीतर नक्की काय पडलंय तेच कळत नाही.

मग घ्यायचा कधी

तळ कुणालाच कळत नाही, 2020 च्या एप्रिलमध्ये अमेरिकन क्रूडचा वायदा उणे 37 डॉलरच्या खाली गेला, म्हणजे माल घेऊन जा आणि वर पैसे घ्या, कारण ठेवायला टाक्याच नव्हत्या. हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. त्यामुळे भावावरून तळ ओळखायच्या भानगडीत पडू नका. बघायचं ते हे की भाव पडायचे थांबलेत आणि त्याच वेळी डिलिव्हरीचे दिवस वाढतायत का, रोज फोन करणारा सप्लायर आता फोन करत नाही का, खाणी आणि प्लांट बंद झाल्याच्या बातम्या जुन्या होऊन बसल्यात का, आणि तुमच्या गिऱ्हाईकाकडचा साठा खरंच उतरलाय का. यातलं बहुतेक जुळलं तर सुरुवात करा, 30 दिवसांचा साठा 40 करा, मग महिन्याभराने 50, आणि तेही फक्त ज्याचा वापर पक्का आहे त्या ग्रेडमध्ये. पैसा मोकळा असेल तरच, कर्ज काढून नाही.

आणि वर जाताना भाव उतरण्याइतकाच जोरात जातो हे धरून चला. 2008 च्या डिसेंबरात तीन हजारांच्या आत गेलेलं तांबं 2009 संपेपर्यंत सात हजारांच्या वर होतं. म्हणून साठा वाढवायला घेतला त्याच आठवड्यात तुमच्या कोटेशनवरची मुदत 30 दिवसांची 7 दिवस करा आणि सेल्सवाल्यांना तसं लेखी कळवा, नाहीतर परचेसने कमावलेलं ते जुन्या भावात वाटून मोकळे होतील.